डाव्या कोपऱ्यातली फळी

जुन्या जिमची लाकडी जमीन उखडली
तेव्हा कॉलेजने फळ्या विकायला काढल्या,
पाच डॉलरला एक.
मी डाव्या कोपऱ्यातली मागितली.
पोरगा म्हणाला, सगळ्या सारख्याच आहेत, आजोबा.

सारख्या कशा असतील?
इथे लेम्युएल हॅचेट उभा राहायचा.
एकसष्टचा हिवाळा, बाहेर ओहायो नदी गोठलेली,
आत ओल्या लोकरी कोटांचा वास.
चेंडू टाकण्याआधी टाच दोनदा आपटायचा,
दार ठोठावल्यासारखी.
तीन गुणांची रेषा तेव्हा नव्हतीच.
तेवढ्या लांबून टाकूनही दोनच मिळायचे,
ते मीच लिहायचो वहीत, पेन्सिलीने,
आणि दर वेळी
कुणाला तरी कमी मोजून दिल्यासारखं वाटायचं.

ड्वेन प्रूइट दारातून वाकून यायचा.
फडताळावरची बरणी उतरवावी
इतक्या सावकाश रिबाउंड काढायचा.
पुढे व्हिएतनामहून परतला,
गुडघा तिकडेच राहिला.

दौऱ्यावर काही हॉटेलं हॅचेटला आत घेत नसत.
आम्ही आत बसून जेवायचो.
मी त्याच्यासाठी सँडविच कागदात बांधून
बसमध्ये नेऊन द्यायचो,
तो थँक्यू म्हणायचा, मी हवामानाबद्दल बोलायचो.
त्या वहीत सगळं आहे,
फाउलसुद्धा. हे नाही.

फळी आता स्वयंपाकघरात, फ्रिजसमोर.
रात्री पाणी प्यायला उठलो
की तिच्यावर टाच आपटून बघतो.
दोनदा.
खालून मिसेस ओबर्ग
झाडूच्या दांड्याने छत ठोकते.
तीही दोनदाच.