यादीत नसलेला मासा

डुंगाच्या धक्क्यावर अपियोने
एक्सेलच्या त्या रकान्याला शिस्त लावली.
पोरं 'न्गेगे' नऊ तऱ्हांनी लिहायची,
एकदा तर नुसतंच: 'तोच, कालचा'.
आता बाण दाबा, निवडा:
न्गेगे, म्बुटा, ओमेना. संपलं.
वजन तेवढं हाताने.

आज ओबुरा म्हाताऱ्याने
ओल्या गोणपाटातून काढला
निंगू.
अपियोने फक्त ऐकलेला.
तिने नाव टंकलं.
लाल फुली: नोंद अवैध.
पुन्हा टंकलं. पुन्हा फुली.

म्हातारा पडद्यावर वाकला,
"सांग त्याला,
याचं कालवण खाऊन वाढलोय मी."

मागे रांग कुरकुरत होती.
माशाचे कल्ले अजून हलत होते.
ती यादीच्या शीटवर गेली,
ओमेनाखालच्या रिकाम्या चौकटीशी थांबली,
"आजोबा, नीट सांगा,
निंगू की निन्गू?"