थेट फळीवर

दोन खोकी. प्रत्येकात दहा इंची चार शंकू,
प्रत्येकाचं वजन बेचाळीस किलो,
आणि व्हॅनपासून मंचापर्यंत चढायला एकच फळकूट,
तेही तळ्याच्या ओलीनं फुगलेलं.
रात्रीचे आठ. ऊन अजून बर्चच्या कमरेशी.
डास मात्र वेळेवर.

कुओपिओच्या उत्तरेला, या लाकडी नाचघरात,
गेले नऊ उन्हाळे मी तौनोच्या बेस गिटारची खोकी लावते.
कुणी विचारलं काय करतेस,
तर सांगते, सामान उचलते.
पुढचं कुणी विचारत नाही.

पुढचं हे असं:
शेजारी शेजारी मांडली की दोन्ही भांडतात.
समोरच्या माणसाला गडगडाट,
तीन पावलं डावीकडे सरकलेल्याला काहीच नाही,
जिन्यातली मधलीच पायरी कुणी काढून न्यावी तसं.
एकावर एक रचली की नांदतात.
वरचं कानाशी बोलतं, खालचं पोटाशी.
कोपऱ्यात सारलीत तर फुगतात,
निवृत्त हेडमास्तरासारखी, स्वतःचंच ऐकत.
भिंतीपासून हातभर. पडद्याला टेकू नये.

आणि तारा. एकदा इसाल्मीच्या दुरुस्तीवाल्यानं
एका खोक्यातल्या तारा उलट जोडल्या.
एकाचे शंकू पुढे येत तेव्हा दुसऱ्याचे मागे जात.
दोन्ही जीव तोडून चालू, आणि खर्ज गायब.
हात लावला तर थरथर, कान लावला तर रिकामं.
रेइनो ड्रम थांबवून म्हणाला,
हे तर आमचं घर.
त्या हिवाळ्यात त्याची बायको ओउलूला गेली ती गेलीच.
तारा मी बदलल्या. दोन मिनिटांचं काम होतं.

तळाशी कायम बिअरचे क्रेट.
कारण मंच पोकळ. खाली खांब, हवा
आणि कुणाची तरी पालथी घातलेली होडी.
खोकं थेट फळीवर ठेवलं की सगळा मंच घुमतो,
मार्त्ताचा अकॉर्डियन गढूळ होतो,
माइकचा दांडा आपला आपण चालू लागतो.
म्हणून क्रेट, क्रेटवर रबर, रबरावर खोकं.
हे मला तौनोनंच शिकवलं,
पहिल्या उन्हाळ्यात, नुसतं बोट दाखवून.

या जूनपासून तो हाक मारली तरी वळत नाही.
डावा कान गेल्याच वर्षी गेला.
उजव्यातलं मशीन तो खिशात ठेवतो,
म्हणतो, त्यातून सगळं डब्यातल्या खिळ्यांसारखं वाजतं.
मागच्या शनिवारी टँगोत
तो अर्धी मात्रा मागे राहिला.
नाचणाऱ्यांना कळलं नाही. त्यांच्या पायांना कळलं.
एका बाईनं खाली पाहिलं,
बुटाचा बंद सुटला असेल म्हणून.

आज क्रेट मी व्हॅनमध्येच ठेवले.
गुडघ्यावर बसून फळ्या ठोकून पाहिल्या,
कलिंगड घेताना ठोकतो तशा,
आणि सापडली ती एक, बिनसांध्याची,
मागच्या भिंतीपासून थेट त्याच्या जागेपर्यंत.
खोकं तिच्यावर. दुसरं त्याच्यावर.
मार्त्तानं पाहिलं. भुवई वर गेली.
मग तिनं खुर्ची उचलली
आणि चार हात पलीकडे नेऊन ठेवली.

तौनो आला. गिटार जोडली. सगळ्यात जाड तार छेडली.
थबकला.
मला वाटलं, आता क्रेट मागणार, शिव्या घालणार.
त्यानं बूट काढले. मग मोजे,
उजव्याला अंगठ्याशी भोक होतं.
तळवे फळीवर रोवून तीच तार पुन्हा.

आवाज वाईट होता, खोटं कशाला बोलू.
जाडा, चिखलट,
शेवटच्या बाकामागच्या काचा खुळखुळत होत्या.
रेइनोनं काड्या आपटून चार मोजले
आणि पहिल्या ठोक्यावर तौनो तिथे होता.

साडेअकराला खोकी उतरवली, वरचं आधी.
तौनो पायरीवर बसून घोटे खाजवत होता,
डासांनी पार चाळण केली होती.
पुढच्या शनिवारी, तो म्हणाला,
गरजेपेक्षा फार मोठ्यानं,
डासांचं तेल आण.
क्रेटचं नावही काढलं नाही.