तीन प्रती

साखर पेठेत, इरेशम कोंगारींच्या शेडमध्ये
टॉवेलच्या गठ्ठ्यांमागे तो बसलाय,
नऊ सुयांचा, ब्याण्णव सालचा,
तंबाखूवाल्याच्या दातांसारखा पिवळा.
नवा संगणक जावयानं पाठवलाय पुण्याहून,
चपातीच्या डब्याएवढा, पाठीला दोनच भोकं.
जुन्याच्या केबलला पंचवीस टाचण्या.
"सोयरीक जमंना झालीय बघा," कोंगारी म्हणतात.

मी पिशवीतून मधला जोड काढते,
एका तोंडानं जुनं बोलणारा, दुसऱ्यानं नवं.
त्यात नवल काय,
इथं घरात तेलुगू, दारात मराठी,
सुताच्या दलालाशी हिंदी, त्यात थोडं कानडी,
आम्ही सगळेच तसले जोड.

"साहेब, लेझर घ्या की एखादा."
ते पगाराची पावती धरतात माझ्यापुढं:
पांढरी, गुलाबी, पिवळी, मधे कार्बन.
"त्याला दाबता येत नाय, बाई. वरवर फिरून जातोय.
खालच्या दोघींना कळाय नको का
वरती काय ठरलं ते?"

झाकण उघडते. आत कापसाची लव,
तीस वर्षांची, राखाडी, मऊ,
एखादं लहान उशीचं पोर भरेल एवढी.
ब्रशनं झाडते, फुंकते, शिंकते.
मग कागद सरकवायचं बटण दाबून धरून
वीज चालू.
तो आपला आपणच छापू लागतो,
कुणी न सांगता, सगळी अक्षरं, सगळे आकडे,
पायरी पायरीनं सरकत.
मागांच्या आवाजात त्याचा आवाज ऐकू येत नाही,
टेबलावर हात ठेवला की कळतं.

संगणकावरून पहिली पावती धाडली
तर सगळ्या ओळी एकाच ओळीवर.
नाव, हजेरी, उचल, कपात, शिल्लक,
सगळं मिळून एक काळा पट्टा.
कोंगारी चष्मा वर करून बघतात.
"हिशेब बरोबर हाय," म्हणतात, "माझा असाच असतोय."

पाठीमागं बारीक खटक्यांची रांग.
चौथा खाली पाडायचा. नख पोचत नाही.
फणीत सूत ओढायचा आकडा कोणीतरी देतं
आणि मला आप्पा आठवतात,
जकार्डचे पुठ्ठे टोचणारे,
मोराच्या चादरीला किती हजार भोकं ते तोंडपाठ.
"भोक असलं तर धागा उचलायचा, नसलं तर नाही.
यापलीकडं काय नसतं, पोरी."
हे मला कॉलेजात दोन वर्षं शिकवलं,
फी घेऊन.

खट्. चौथा पडला.
आता ओळीखाली ओळ, नीट,
तीन प्रतींत उमटलेली.
फक्त मराठीत भरलेल्या नावाच्या जागी
???????????
आणि पुढं रक्कम, पैशापर्यंत अचूक.

मी सांगते, चित्र म्हणून छापलं तर नाव येईल,
पण एका पावतीला चार मिनिटं.
पगाराच्या दिवशी चाळीस माणसं दारात.
इंग्रजीत टाकू या का?
गोंडे बांधणारी भाग्यलक्ष्मी वाकून बघते,
प्रश्नचिन्हं बोटानं मोजते. अकरा.
"येवढ्यांदा विचारालाय," म्हणते, "सांगावं की."

माझ्या खिशातलं पेन घेते,
प्रश्नचिन्हांच्या वरती गोल गोल तेलुगूत
नाव लिहिते, दात ओठात रुतवून,
इतकं दाबून की पांढरा कागद थोडा फाटतो.

गुलाबीवर आलंय.
पिवळीवर फिकट, पण आलंय.

कोंगारी माझी मजुरी तीनशेवर आणू बघतात,
मी साडेचारशेला धरून बसते.
शेवटी चारशे आणि एक टॉवेल.
पावती मागते, हट्टानं,
आणि तो परत कुरकुरत पुढं येतो.