शीर्षक, जास्तीत जास्त वीस शब्दांत

अर्जाच्या पहिल्या चौकटीत शीर्षक मागतात.
मी लिहिलं :
'रब्बी ज्वारीच्या कडक भाकरीतील ओलावा, पिष्ट आणि टिकाऊपणा.'
आठ शब्द. बारा शिल्लक.

जागा एकच. विद्यावेतन तीन वर्षांचं.
मंजूर झालं तर नागमणी बोल्ली
टॉवेल कारखान्यातली रात्रपाळीची हिशेबनिशी सोडेल.
नाही झालं तर तिचं सुवर्णपदक
कपाटात, रेशनकार्डाच्या पिशवीत, आहे तिथंच.
ती काही मागत नाही.
सकाळी न झोपलेले डोळे घेऊन येते,
प्रयोगशाळेतला ओव्हन पुसते, विचारते,
"मॅडम, पान चार झालं?"

पान चार म्हणजे ज्ञानातली पोकळी.
काय माहीत नाही ते सिद्ध करा, संदर्भांसह.
सव्वीस वर्षं शिकवल्यावर
मला काय माहीत नाही हे लिहायला
दोन रात्री गेल्या, आणि तरी
जे लिहिलं ते सगळं मला माहीत होतं.

मुदत गड्ड्याच्या आदल्या शनिवारी.
नमुने आणायला आम्ही बाळ्याला गेलो, सिद्धव्वाकडे.
चुलीभोवती भाकऱ्या उभ्या लावलेल्या,
भिंतीला टेकून, शिक्षा झालेल्या पोरांसारख्या.
नागमणीनं मापक काढला, कडेला टेकवला.
दोन भाकऱ्या, आकडा एकच.
सिद्धव्वानं पहिली कानाशी नेली आणि मोडली.
"ही म्हयनाभर जाती बघ."
दुसरी मोडली.
"ही चार दिस. पोटात वल हाय हिच्या."
आम्हाला दोन्ही आवाज सारखेच.

पिशव्या बंद केल्या, तारखा घातल्या.
पाचव्या दिवशी दुसरीच्या मधोमध
टिकलीएवढी हिरवट बुरशी.
पहिली अजून वाजते.

मग पान चार पुसलं.
उरलेले बारा शब्दही लागले,
त्यांतला एक 'आवाज'.

बिराजदार सरांनी चष्मा कपाळावर चढवला.
"अन्नशास्त्रात आवाज? समितीत सगळे तिकडचे बसलेत,
त्यांची भाकरी मऊ असते हो. तिला मोडताना
घडी पडते. त्यांना काय ऐकू येणार?"
आणि सही केली.

अंदाजपत्रकात यंत्राला सोळा लाख चालतात,
रसायनांना दोन, प्रवासाला पंच्याहत्तर हजार.
सिद्धव्वाचा कान कुठल्या शीर्षाखाली?
उपभोग्य वस्तू नाही. उपकरण म्हणावं
तर तीन कोटेशनं लागतात.
तज्ज्ञ मानधन आहे, पण तिथं पदवी अनिवार्य.
नागमणीनं फोन लावला : "अव्वा, शिक्षण काय लिहू?"
पलीकडे तवा चुरचुरला.
"चाळीस वर्सं झाली चुलीपाशी.
त्येला तुमच्यात काय म्हणत्यात, ते लिव्ह की."
आम्ही लिहिलं : चाळीस वर्षं.
संगणकानं रकाना लाल केला.
शेवटी 'इतर खर्च'. तिथं ती बसली,
झेरॉक्स आणि चहाच्या मध्ये.

शनिवारी रात्री पावणेबाराला कळलं
की आवाज जोडता येत नाही. फक्त पीडीएफ.
नागमणीनं त्या दिवशी मोबाईलवर घेतलेला आवाज
संगणकावर रेघेत उतरवला.
काळी, दातेरी रेघ,
एका भाकरीची उंच, एकीची बसकी.
अकरा छप्पनला अर्ज गेला.
पोचपावतीवर तिचं नाव चुकलं होतं : नागमनी.
ती म्हणाली, राहू द्या, पैसे आले तर दुरुस्त करू.

निकाल कधी, कुणाला ठाऊक नाही.
ती अजून रात्रपाळीला जाते.

रविवारी आम्ही ती रेघ छापून
सिद्धव्वाला दाखवायला नेली.
"अव्वा, हा तुमच्या भाकरीचा आवाज."
तिनं पिठाचे हात लुगड्याला पुसले,
कागद घेतला, उलटसुलट पाहिला,
मग कानाशी नेला
आणि कोपरा हळूच दुमडला.

"अजून वला हाय," म्हणाली.
आणि भाकऱ्यांच्या रांगेत, चुलीला तोंड करून,
उभा करून ठेवला.