किती वेळ बोलायचं आहे

वार्केतिलीत वीज गेली की
लिफ्ट थांबते दोन मजल्यांच्या मधोमध
आणि आतला माणूस आम्हाला फोन लावतो.
आमचा फोन त्याच विजेवर चालतो.

एवढं साधं वाक्य कळायला
मुर्मानच्या लिफ्टदुरुस्तीच्या धंद्याला अकरा वर्षं लागली,
आणि एक म्हातारा, जो सातव्या-आठव्याच्या मध्ये
दोन तास चाळीस मिनिटं
टोमॅटोच्या पेटीवर बसून होता.
“रिंग जात होती,” म्हणाला, “तुम्ही उचलत नव्हतात.”
त्याच्या कानात जात होती.
आमच्या टेबलावर सगळे दिवे काळे.

मी इथली हिशेबनीस. मीच कागद घेतला,
एकेक डबा उलटा करून पोटावरचं वाचलं.
एक्स्चेंज चोवीस वॅट. राउटर बारा.
फोन चार: गप्प असताना तीन-तीन, बोलताना पाच.
त्सियालाचा कधीच गप्प नसतो, तिचे पाचच धरले.
बेरीज पन्नास.
जिन्यातल्या पिवळ्या बल्बाहून कमी,
आणि एवढ्यावर आमचं अख्खं ऑफिस बोलतं!
तिच्या पायाजवळच्या हीटरला मात्र या पंगतीत पान नाही.
तो एकटा पंधराशे खातो.

एलियावाच्या बाजारात नोदारनं तीन यूपीएस मांडले.
पहिल्यावर ठळक सहाशे पन्नास.
“ती व्हीएची फुशारकी,” तो म्हणाला, “आत बॅटरी बघा.
बारा व्होल्ट, सात अँपिअर-तास.”
मी तिथेच गुणाकार केला. चौऱ्याऐंशी.
“त्यातले निम्मे धरा. बाकीचे
उष्णतेत जातात, पीं-पीं करण्यात जातात,
आणि तिसऱ्या वर्षी म्हातारपणात.”
मग त्यानं विचारलं,
जे आम्हाला कुणी विचारलं नव्हतं:
“तुम्हाला किती वेळ बोलायचं आहे?”

मुर्मान म्हणाला, अर्धा तास. वीज येतेच.
“येतेच?” त्सियाला हसली.
त्र्याण्णवच्या हिवाळ्यात तिनं
कोटाच्या खिशात अंडी ठेवली होती, गोठू नयेत म्हणून.
ती पुढे काही बोलली नाही.
मुर्माननं पाकीट काढलं.

लिथियमची दहा वर्षं टिकते म्हणे, पण महाग.
आम्ही शिशाच्या दोन जाड बॅटऱ्या घेतल्या, अठरा-अठराच्या,
आणि त्या जोडता येतील असा एक यूपीएस.
कागदावर सव्वाचार तास.
म्हाताऱ्याला दीड तास वर उरतो.

शनिवारी प्लग उपटला.
दिवे हिरवे. सगळे हिरवे.
आणि फोनात कुणीच नाही.

इंटरनेटचा डबा खाली, मीटरांच्या मागे,
कुलूपबंद, कंपनीचा. तो वीज गेली की झोपतो.
कंपनीनं तक्रार नोंदवून घेतली. फार सौजन्यानं.

तेव्हा त्सियालानं कपाट सरकवलं.
भिंतीतून एक जुनी तार बाहेर आली होती, तांब्याची,
जी आपली वीज दूरच्या टेलिफोन केंद्रातून
स्वतःच घेऊन येते.
तीन लारी महिना.
दर मार्चला मी त्या तीन लारींवर लाल रेघ मारली होती
आणि दर मार्चला ती विसरल्याचं सोंग करून
भरून आली होती.

तीच तार एक्स्चेंजच्या डब्यात खोचली.

नोव्हेंबरात, रात्री नऊ दहाला
अख्खी वार्केतिली विझली.
बॅटरी एकदाच किंचाळली. आणि रिंग.
त्सियालानं उचलला.
“कितव्या मजल्यावर? बरं. एकटी आहेस?
पिशवीत काय आहे? पाव? गरम आहे अजून?
मग खा की.”
मुर्मान चावी शोधत अंधारात कशालातरी आपटला.

यूपीएसवर पाच हिरवे ठिपके होते.
मी ते मोजत बसले.
एक विझला, मी काही बोलले नाही.
ती विचारत होती,
शाळेत कुठला विषय आवडतो.