शिवण कुठे जाते

तीन धुण्यांनंतर मोजायचं, असा नियम आहे.
पहिल्या धुण्यात कापड पाहुण्यासारखं वागतं.

कुडाळच्या एमआयडीसीत, पत्र्याच्या शेडमागे
माझं टेबल, स्टीलची पट्टी, वही.
काखेतून निघालेली शिवण
कमरेपर्यंत सरळ उतरायला हवी.
ही उतरत नाही.
सहा सेंटिमीटर पुढे सरकून
बेंबीच्या दिशेने चालली आहे,
बाजार आटोपून आडवाटेने घरी निघालेल्या बाईसारखी.

शिवणारीची चूक नाही. वहीत मी तसं लिहिलं.
सुगंधा राऊळचा हात डोळे मिटूनही सरळ चालतो.
चूक, चूक म्हणू की नको, सुताची.
एकपदरी, कडक पिळाचं सूत.
हातभर घेऊन दोन्ही टोकं जवळ आणली
की मधेच ते स्वतःला मिठी मारतं,
सोडवलं तरी पुन्हा मारतं.
मशीनच्या सुयांनी त्याला वाकवलं,
घरातून घर ओढून काढलं, ते गप्प बसलं.
इस्त्रीखाली तर फारच गप्प.
मग पाणी लागलं.

आता प्रत्येक घर उलगडायला बघतं,
उलगडायला जागा नाही, म्हणून कलतं.
शेजारचं त्याच बाजूला. वरचंही.
एकेकटं बघितलं तर दिसणारही नाही इतकंच,
पण अशी हजारो घरं
सबंध सदरा अंगाभोवती फिरवतात.

लोक म्हणतात, सुंभ जळला तरी पीळ जात नाही,
आणि म्हणताना कुणाच्या तरी सासऱ्याकडे बघतात.
मी जाळून पाहिलेलं नाही.
माझं पाण्यावर भागतं.

माझे वडील, आबा कोयंडे, आचऱ्याच्या खाडीत
नवा दोर आणला की लगेच कामाला लावत नसत.
एक टोक होडीच्या मागच्या खुंटाला बांधायचे,
दुसरं पाण्यात मोकळं,
ना वजन, ना गाठ,
आणि खाडीच्या तोंडापर्यंत वल्हवत जायचे.
दोर मागून गिरक्या घेत यायचा
मासा लागल्यासारखा.
मी विचारलं तर म्हणाले,
"तेका जितक्या फिराचा आसा तितक्या फिरांदे.
मगे तो आपलो."
परत येताना तो नुसता मागून यायचा, लांब, शहाणा.

मसुरकर साहेबांना मी खाडीचं काही सांगितलं नाही.
एवढंच म्हटलं, कोन एक रात्र वाफेच्या खोलीत ठेवा,
नाहीतर पुढच्या वेळी दुपदरी घ्या,
दोन पदर एकमेकांवर उलटे पिळलेले,
एकाचा राग दुसरा खाईल.
माणूस वाईट नाही.
चष्मा कपाळावर चढवून त्यांनी स्वतः पट्टी लावली,
दोनदा.
मग म्हणाले, "गुरुवारी सहाशे नग कणकवलीला जायचेत.
इस्त्री दाबून मारा."

आम्ही दाबून मारली.
घड्या अशा की बघत राहावं.
वहीत मी सहा लिहिले होते,
ते सहाच राहू दिले.

ऑगस्टात कणकवलीच्या स्टँडवर
त्या शाळेचा कबड्डीचा संघ भेटला,
भज्यांच्या तेलकट कागदाभोवती घोळका करून उभा.
सगळ्यांच्या शिवणी पोटावर आलेल्या,
सगळ्या एकाच बाजूने,
तोंडवळीच्या वाळूतली सुरूची झाडं
एका वाऱ्याला कलतात तशा.
पोरांना पत्ताच नव्हता. का असावा?
ती जिंकून आली होती.

मला राहवलं नाही.
जवळच्याचा सदरा खालून धरून
मी एका झटक्यात सरळ केला.
"काय झाला गे मावशे?"
"काय नाय. खा."
तेवढ्यात देवगड गाडी लागली,
तोंडातलं भजं तोंडातच ठेवून तो पळाला,
आणि पायरी चढेपर्यंत,
मी बघत होते,
शिवण परत आपल्या वाटेला लागली होती.