गळती

रात्रीचे पावणेतीन. सयाजी हॉस्पिटल, ट्रॉमा, चौथी ट्रॉली.
गोल्डन चोकडीवरून आणलेला
खडीच्या ट्रकवरचा क्लीनर, खुमान राठवा.
वय लिहिलंय बावीस. मिसरूड सांगतं अठरा.

मॉनिटर म्हणतो, एकशेदहा, सत्तर.
बीपी छान आहे की, म्हणतो इंटर्न.
मी नाडीकडे बघते. ती धावत सुटलेली.
तरुण शरीर फार अभिमानी असतं,
डब्यात दाणा नसताना
पाहुण्याला जेवूनच जा म्हणणारं.

जेल थंड. तो दचकतो.
छातीचं हाड जिथे संपतं तिथे प्रोब टेकवते,
यकृताच्या करड्या धुक्यात शोधते तिला:
अधोमहाशिरा.
हा शब्द मी शाळेत निळ्या पेनने गिरवला होता.
मराठी माध्यमाची ती शेवटची तुकडी,
नंतर आमच्या वर्गात सायकली ठेवू लागले.

कमरेखालचं सगळं रक्त हिच्यातून वर जातं,
स्वतःचा पंप नसताना.
आणि पडद्यावर रक्त लाल नसतं. काळं असतं.
धडधाकट माणसात तो काळा पट्टा
अंगठ्याएवढा रुंद.
खुमानमध्ये नुसती रेघ.
तो श्वास घेतो, रेघही मिटते.
सोडतो, किंचित उघडते,
झोपेत काही सांगू पाहणाऱ्या ओठांसारखी.

माझे वडील कॉर्पोरेशनमध्ये वाल्वमन.
पहाटे आजव्याचं पाणी नागरवाड्याच्या टाकीत यायच्या आत
सळईचं एक टोक पाइपावर, दुसरं कानाला,
भर रस्त्यात ओणवे, डोळे मिटून.
पोरं ओरडायची, घोरपडेकाकांनी रस्त्याला फोन लावला!
ते म्हणत, प्रेशरवर जाऊ नकोस,
ते पंपवाला दाखवेल तेवढं असतं.
लाइनीत पाणी किती, ते बघ.
आणि टाकी भरत बसू नकोस, बाई,
आधी गळती.

प्रोब डावीकडे सरकवते. बरगड्यांमधून, खोल.
प्लीहेच्या कडेला काळी चंद्रकोर.
तिथे काळं असायचं कारण नाही.

दोन्ही सलाइन फुल सोडू?
नको. रक्त पातळ झालं की गोठायचं विसरतं.
रक्तपेढीला फोन कर, चार पिशव्या,
आणि झवेरीसरांना उठव.
हंसाबेन तोवर उबदार ब्लँकेट घेऊन आल्यात,
न सांगता.

पाणी आपो ने, बेन.
पाणी.
त्याच्या भाषेत आणि माझ्या भाषेत एकच शब्द,
आणि तोच देता येत नाही.
ओला कापूस त्याच्या ओठांवरून फिरवते.
तो कापूस चोखतो.

तीन वीस. दुसरी पिशवी अर्ध्यावर.
पुन्हा प्रोब. रेघ आता करंगळीएवढी,
श्वासाबरोबर आक्रसते, पण मिटत नाही.
इंटर्न हसतो. मी हसत नाही.
आत नळी गेली, मशीनने श्वास ढकलायला घेतला
की ही शिरा उलटी वाचावी लागते,
आणि एका नजरेत ती सगळं कधीच सांगत नाही.
पुन्हा बघायचं. पुन्हा बघायचं.
भूलवाले घाई करतात. ट्रॉली वळते,
एक चाक कुरकुरतं, लिफ्टपर्यंत ऐकू येतं.

सहाच्या सुमारास झवेरीसर चहा पिता पिता म्हणाले,
प्लीहा काढली. रक्त थांबलंय.
आता बघू.

घरी ती सळई अजून आहे.
आईने तिच्यावर खिडकीचा पडदा चढवलाय.
दांडिया बाजारातली एक गळती
वडिलांना शेवटपर्यंत सापडली नाही.
रिटायर झाल्यावरही जेवताना मध्येच थांबायचे,
घास हातात,
आणि म्हणायचे, ती बहुतेक पिंपळाच्या बाजूला असणार.